माळव्याची अफू आणि रुग्णाची वेदना : इंदूरच्या निमित्ताने उपशामक शुश्रूषेचा विचार

माळव्याच्या पठारावर फेब्रुवारी महिन्यात अफूची पांढरी फुले गळून पडतात आणि मागे हिरवी बोंडे उरतात. नीमच, मंदसौर आणि रतलाम या जिल्ह्यांतील परवानाधारक शेतकरी त्या बोंडांना संध्याकाळी बारीक चिरा देतात व रात्रभर पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेतात. केंद्रीय अमली पदार्थ विभागाच्या देखरेखीखाली त्याचे वजन होते, प्रत तपासली जाते आणि तो सरकारी कारखान्यात जमा होतो. असे दोन कारखाने देशात आहेत. एक उत्तर प्रदेशात गाझीपूर येथे, १८२० पासूनचा, दुसरा नीमचमध्ये. या चिकातून मॉर्फिन वेगळे काढले जाते. कायदेशीररीत्या अफूचा चीक काढून त्याची निर्यात करणारा भारत हा जगातील एकमेव देश आहे.

नीमचपासून इंदूर सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. पश्चिम मध्य प्रदेशातील गंभीर आजाराचे रुग्ण उपचारासाठी याच शहराकडे येतात. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णाला रात्रभर तळमळताना पाहणाऱ्या कुटुंबाला हे ठाऊक नसते की, त्या वेदनेवरील सर्वांत परिणामकारक आणि तुलनेने अत्यंत स्वस्त औषधाचा कच्चा माल आपल्याच मुलखातील शेतांत पिकतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तो कसा पडला आणि कशाने दूर होऊ शकतो, हे समजून घेणे गोव्यातील वाचकालाही उपयोगाचे आहे, कारण ही अडचण एका प्रांतापुरती मर्यादित नाही.

अफूचा जुना मार्ग

माळव्याच्या अफूचा आणि पश्चिम किनाऱ्याचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारने या व्यापारावर निर्बंध घातले, तेव्हा व्यापाऱ्यांनी लांबचा वळसा घेऊन हा माल दमण आणि दीव या पोर्तुगीज बंदरांतून चीनकडे पाठवण्यास सुरुवात केली. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने धोरण बदलले. ठराविक शुल्क भरून परवाना घेतल्यास माल थेट मुंबई बंदरातून नेण्याची मुभा मिळाली आणि इंदूर हे या परवान्यांचे प्रमुख ठाणे बनले. होळकरांच्या राजधानीतील पेढ्यांची भरभराट होण्यास या व्यापाराचाही हातभार लागला.

आधुनिक वैद्यकाशी इंदूरचे नातेही तितकेच जुने. येथील वैद्यकीय शाळा १८७८ मध्ये सुरू झाली. पुढे ती किंग एडवर्ड यांच्या नावाने ओळखली गेली आणि १९४८ मध्ये तिच्यातूनच महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय, ज्याला सारे शहर 'एमवाय' म्हणते, धार, झाबुआ, अलिराजपूर, खरगोन, बडवानी, खंडवा, देवास अशा अनेक जिल्ह्यांचा आधार आहे. महाविद्यालयाच्या आवारात शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. येथे येणारा रुग्ण माळवी, निमाडी, भिली, हिंदी वा मराठी बोलतो. ज्याला परवडते किंवा ज्याला तेथून सल्ला मिळतो, तो अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघतो. एका दिशेने माळव्याची अफू देशोदेशी गेली आणि त्याच दिशेने आता माळव्याचा रुग्ण वेदनामुक्तीच्या शोधात प्रवास करतो.

उपशामक शुश्रूषा म्हणजे काय

पॅलिएटिव्ह केअर या संज्ञेला मराठीत उपशामक शुश्रूषा, परिहारक सेवा असे पर्याय रूढ होत आहेत. मूळ लॅटिन शब्द 'पॅलियम' म्हणजे अंगावर पांघरण्याचा झगा. आजार हटवता येत नसेल तेव्हाही आजाऱ्याला ऊब देता येते, हा भाव त्या शब्दात आहे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापन करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली. शरीराचे दुखणे, मनाची भीती, घरच्यांची व पैशाची चिंता आणि जगण्याच्या अर्थाविषयीचे प्रश्न हे सारे एकाच वेदनेचे पदर आहेत. त्यातील एकच उलगडून भागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

ही सेवा फक्त मृत्युशय्येवरील माणसासाठी असते, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ती जिवाला धोका असलेल्या आजाराच्या निदानापासूनच सुरू व्हावी आणि मूळ उपचारांच्या जोडीने चालावी. कर्करोगाप्रमाणेच हृदय, फुप्फुस, यकृत व मूत्रपिंड यांचे दीर्घ आजार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश, एचआयव्ही आणि मुलांमधील जन्मजात व्याधी यांतही तिची गरज असते. अमेरिकेत बोस्टन येथे पसरलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासून उपशामक सेवा मिळालेल्या गटाचे जीवनमान अधिक चांगले होते, त्यांच्यात नैराश्य कमी होते आणि अखेरच्या काळात आक्रमक उपचार कमी होऊनही त्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने भरले. दुसऱ्या गटाचे ८.९ महिने होते. 'उपशामक सेवा म्हणजे आशा सोडणे' या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर देणे अवघड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना या सेवेची गरज भासते आणि त्यांपैकी केवळ १४ टक्क्यांना ती मिळते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये दाखवून दिले की, गंभीर आजारातील वेदनेसाठी लागणाऱ्या मॉर्फिनसदृश औषधांच्या गरजेपैकी भारतात सुमारे ४ टक्केच भागते. अमेरिकेत मात्र वापर गरजेच्या तीसपटीहून अधिक आहे. एकीकडे अतिवापराचे संकट आणि दुसरीकडे तीव्र दुर्भिक्ष, अशी ही विषम वाटणी आहे. भारतीय अफूचे पीक या विषमतेच्या मध्यभागी उभे आहे.

कायद्याने बंद झालेले आणि उघडलेले दार

हे दुर्भिक्ष पिकाच्या अभावाने आलेले नाही. १९८५ मध्ये अमली औषधी द्रव्ये व मनःप्रभावी पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस कायदा, लागू झाला. नशेच्या व्यापाराला आळा घालण्याचा त्याचा हेतू योग्यच होता. परंतु त्याच्या कठोर शिक्षांची धास्ती औषधविक्रेते व रुग्णालये यांनीही घेतली. मॉर्फिनचा साठा, वाहतूक, आयात-निर्यात यांसाठी निरनिराळ्या खात्यांचे चार-पाच परवाने लागत आणि त्यांच्या मुदती एकाच वेळी चालू असतील तरच औषध रुग्णालयात पोहोचे. परिणामी देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढील बारा वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक घटला आणि १९९७ मध्ये तो १८ किलोपर्यंत खाली आला. त्याहून दूरगामी हानी अशी की, डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीला हे औषध हाताळण्याचा सरावच मिळाला नाही.

डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णांच्या संघटनांनी दीर्घ पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन आणि कोडीन ही द्रव्ये 'अत्यावश्यक अमली औषधे' म्हणून वेगळी काढण्यात आली. राज्याच्या औषध नियंत्रकाने 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून एकच मान्यता दिली की रुग्णालयाला ती ठेवता येतात. ही मान्यता मिळवण्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर, कुलूपबंद साठा आणि नोंदवही एवढ्या गोष्टी लागतात. कायद्याचे दार उघडले आहे. मात्र, अर्ज करणारे रुग्णालय, औषध लिहिणारा डॉक्टर आणि ते घेण्यास तयार असलेला रुग्ण या तिघांनी त्यातून आत यावे लागते. पहिल्या दोघांची उणीव प्रशिक्षणाने भरून निघते. तिसऱ्याचा प्रश्न आरोग्य-साक्षरतेचा आहे.

मॉर्फिनविषयी समज आणि वस्तुस्थिती

'अफूचे औषध' हे शब्द कानावर पडताच कुटुंब दचकते. त्या दचकण्यामागील शंका खऱ्या आहेत आणि त्यांना उत्तरेही आहेत.

व्यसन लागेल, ही पहिली शंका. वेदनेसाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, वेळेवर घेतलेल्या मॉर्फिनमुळे व्यसन जडण्याचा धोका अल्प असतो. काही आठवडे औषध घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकाएकी थांबवायचे नसते, हळूहळू कमी करायचे असते. ही शारीरिक सवय आणि व्यसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे शेवटचे औषध आहे, आताच दिले तर पुढे काय, ही दुसरी शंका. मॉर्फिनच्या मात्रेला पॅरासिटामॉलप्रमाणे ठरलेली कमाल मर्यादा नसते. दुखणे वाढल्यास वैद्यकीय देखरेखीखाली मात्रा वाढवता येते आणि किरणोपचारासारख्या उपायांनी दुखणे उतरल्यास ती घटवताही येते. अंत जवळ आला म्हणून मॉर्फिन देत नाहीत; वेदना तीव्र आहे म्हणून देतात.

श्वास बंद पडेल, ही तिसरी शंका. थोड्या मात्रेने सुरुवात करून हळूहळू वाढवल्यास हा धोका फार कमी राहतो. उलट गंभीर आजारातील धाप कमी करण्यासाठीही अल्प मात्रेत मॉर्फिन वापरले जाते. मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्र मात्रा व वेळा बदलाव्या लागतात, म्हणून ते स्वतःच्या मनाने कधीही घ्यायचे नसते. अनावर गुंगी येत असेल किंवा श्वास फार मंद झाला असेल, तर तत्काळ डॉक्टरांना कळवावे.

या औषधाची खरी आणि हमखास येणारी अडचण म्हणजे बद्धकोष्ठता. म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत सारक औषध द्यावे लागते. मळमळ आणि झापड बहुधा काही दिवसांत ओसरते. साधी गोळी सुमारे चार तास काम करते, त्यामुळे ती 'दुखेल तेव्हा' न घेता घड्याळाच्या काट्यावर घ्यायची असते. दुखणे उसळल्यावर त्यामागे धावण्यापेक्षा ते उसळू न देणे सोपे, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. एवढी माहिती घरी सोबत आली नाही, तर दोनच दिवसांत पोट अडते, मळमळते, कुटुंब औषध बंद करते आणि 'मॉर्फिन सोसले नाही' असा निष्कर्ष निघतो. औषध बरोबर असूनही उपचार अयशस्वी होतो.

वेदनेची भाषा

वेदना मोजण्याचे कोणतेही यंत्र नाही. रुग्णाचे शब्द हेच मोजमाप, आणि म्हणून भाषा हे निदानाचे साधन ठरते. मराठी या बाबतीत समृद्ध आहे. ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे होते, जडपणा येतो. डॉक्टरांच्या दृष्टीने ही निरनिराळी लक्षणे आहेत. थांबून थांबून येणारी पोटातील कळ आतड्याच्या अडथळ्याची असू शकते. सतत ठणकणारे व हालचालीने वाढणारे दुखणे हाडातील गाठीकडे बोट दाखवते. आग, मुंग्या आणि विजेचा झटका बसल्यासारखी चमक मज्जातंतूला झालेल्या इजेची खूण असते. त्या शेवटच्या प्रकारात केवळ मॉर्फिन पुरत नाही, मज्जातंतूंवर काम करणारी वेगळी औषधे जोडावी लागतात. हाडातील दुखण्यावर अनेकदा एकाच बैठकीतील किरणोपचार मोठा आराम देतो.

इंदूरमध्ये घरी मराठी बोलणारी आजी दवाखान्यात मोडक्या हिंदीत 'दर्द है' एवढेच सांगते, तेव्हा ही सारी माहिती वाटेत गळून जाते. झाबुआहून आलेल्या भिली भाषकाच्या बाबतीत तर ती आणखी गळते. गोव्यातही कोकणी वा मराठीत वाढलेल्या रुग्णाची व्यथा इंग्रजी केसपेपरवर उतरताना हेच घडू शकते. म्हणून वेदनेचा शब्द रुग्णाच्याच भाषेत टिपून घेणे, शून्य ते दहा या पट्टीवर तिची तीव्रता विचारणे आणि ज्यांना आकडे उमगत नाहीत त्यांना चेहऱ्यांची चित्रे दाखवणे ही गुणवत्तेची पहिली पायरी मानली जाते.

आरोग्य-साक्षरता म्हणजे नुसते वाचता येणे नव्हे. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० साली तिचे तीन स्तर सांगितले. औषधाच्या चिठ्ठीवरील सूचना समजणे हा पहिला, डॉक्टरांशी बोलून माहिती मिळवणे व ती आपल्या परिस्थितीला लावणे हा दुसरा, आणि मिळालेल्या माहितीची पारख करून निर्णय घेणे हा तिसरा. गंभीर आजारात उच्चशिक्षित माणूसही भीतीपोटी पहिल्या स्तरावर घसरतो. म्हणून समजावून देण्याची जबाबदारी प्रथम आरोग्यसेवकाची आहे. 'समजले ना?' या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी 'घरी गेल्यावर हे औषध कसे द्याल, ते मला सांगा' असे म्हटले की, कुठे गफलत आहे ते लगेच कळते. ही परत सांगून घेण्याची पद्धत विनाखर्चाची असून औषधांच्या चुका टाळण्यात तिचा मोठा उपयोग होतो.

'बाबांना सांगू नका'

मराठी घरांत, मग ती इंदूरच्या राजवाड्याजवळची असोत की फोंड्याची, गंभीर निदानानंतर डॉक्टरांच्या दाराशी एक वाक्य हमखास उच्चारले जाते : 'बाबांना काही सांगू नका, ते खचतील.' या विनंतीमागे माया असते, तिची अवहेलना करून चालत नाही. भारतातील निरनिराळ्या पाहण्यांत मात्र असे आढळले आहे की, नातेवाइकांना निदान ठाऊक आणि रुग्णाला नाही, अशी स्थिती मोठ्या प्रमाणावर असते. रुग्ण शरीरातील बदलांवरून आणि घरच्यांच्या कुजबुजीवरून पुष्कळ काही ओळखतो, पण त्यांना त्रास नको म्हणून गप्प राहतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांना सांभाळण्यासाठी मौन धरले जाते आणि शेवटचे महिने त्या मौनात सरतात. मृत्युपत्र राहून जाते, भेटायचे माणूस भेटत नाही, कोणते उपचार नकोत हे सांगण्याची वेळ निघून जाते.

उपशामक वैद्यकात यासाठी जी पद्धत शिकवली जाते, तीत सत्य एकदम अंगावर टाकत नाहीत. रुग्णाला आधीच काय माहीत आहे, हे प्रथम विचारले जाते. त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे नंतर. ज्याला नको असेल त्याच्या नकाराचा मान राखला जातो आणि आपल्या वतीने कोणाशी बोलावे, हे त्यालाच ठरवू दिले जाते. ज्याला हवे असेल त्याला छोट्या वाक्यांत, मध्ये थांबून, भावनांना वाव देत सांगितले जाते. 'आता करण्यासारखे काही उरले नाही' हे वाक्य या पद्धतीत वर्ज्य आहे, कारण ते वस्तुस्थितीलाही धरून नसते. आजार हटत नसला तरी वेदना, धाप, उलटी आणि निद्रानाश यांवर करण्यासारखे पुष्कळ असते. चिघळलेल्या जखमेची दुर्गंधी, जिच्यामुळे माणसे रुग्णाच्या खोलीत येणे टाळतात, मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर लावल्याने बरीच कमी होते. एवढ्याशा उपायाने नातवंडे पुन्हा आजोबांच्या पलंगाशी येऊन बसू शकतात.

रुग्णाला माहिती मिळणे ही कोणाची मेहेरबानीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील समीरा कोहली खटल्यात उपचारांचे स्वरूप, फायदे, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती, असे स्पष्ट केले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही माहितीचा हक्क अग्रक्रमाने नोंदवला आहे. पुढील भेटीला जाताना कुटुंबाने काही प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. हा उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? त्याने किती फरक पडेल आणि त्रास कोणता होईल? तो घेतला नाही तर काय होईल? रात्री अचानक दुखणे वाढले तर कोणते औषध द्यायचे व कोणाला फोन करायचा? घरी सेवा देणारे पथक आहे का? येथे तोंडाने घेण्याचे मॉर्फिन मिळते का?

गुणवत्ता कशी ओळखावी

इमारत, यंत्रे आणि खाटांची संख्या यांवरून रुग्णालयाची प्रतिष्ठा ठरते, उपशामक सेवेची गुणवत्ता मात्र वेगळ्या कसोट्यांवर उतरावी लागते. प्रत्येक भेटीत वेदनेची नोंद होते का, तीव्र वेदना असलेल्याला दोन-तीन दिवसांत उतार पडतो का, मॉर्फिनचा साठा अखंड राहतो का, घरच्या माणसाला शुश्रूषेचे शिक्षण दिले जाते का, मृत्यूनंतर कुटुंबाची विचारपूस होते का, हे प्रश्न निर्णायक ठरतात. यांची उत्तरे एका नोंदवहीत लिहिता येतात आणि दर महिन्याला तपासता येतात.

भारताची एकूण स्थिती या कसोटीवर समाधानकारक नाही. 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट'ने २०१५ मध्ये ८० देशांतील अखेरच्या काळच्या सेवेची तुलना केली, तेव्हा भारताचा क्रमांक ६७ वा लागला. त्याच देशात केरळने मात्र वेगळे उदाहरण घालून दिले. कोझिकोड वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि सहकाऱ्यांनी वेदनामुक्ती केंद्र सुरू केले. पुढे गावोगावचे स्वयंसेवक यात उतरले. शेजारचा दुकानदार, निवृत्त शिक्षक, गृहिणी यांनी थोडे प्रशिक्षण घेऊन घरोघरी जाण्यास सुरुवात केली. पंचायतींनी पैसा व परिचारिका पुरवल्या. २००८ मध्ये केरळने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. तेथील यशाचे मर्म महागड्या तंत्रज्ञानात शोधण्याचे कारण नाही. वेदनेची जबाबदारी समाजाने वाटून घेतली आणि त्यासाठी लागणारे ज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचवले.

मराठी मुलखातही पाया आहे. कर्करोग-शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये 'शांती आवेदना सदन' हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. गोव्यात लोटली येथे त्याची शाखा आहे. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून चालते आणि तेथे रुग्णाबरोबर राहणाऱ्या नातेवाइकालाही शुश्रूषा शिकवली जाते. टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ मध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. केंद्राचा राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रमही २०१२ चा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या सेवेला स्थान मिळाले आणि आज आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यावयाच्या सेवांच्या यादीत तिचा समावेश आहे. कागदावरची ही यादी उपकेंद्रातील परिचारिकेच्या पिशवीपर्यंत पोहोचणे, हे पुढचे काम आहे. माळव्यातील रुग्णाला मुंबईचा प्रवास वाचवायचा असेल, तर ती पिशवी धार आणि झाबुआतच भरलेली असावी लागेल.

अखेरचे निर्णय आणि कायदा

उपशामक सेवा आणि इच्छामरण यांची गल्लत नेहमी होते. भारतात औषध देऊन जीवन संपवणे बेकायदेशीर आहे आणि उपशामक वैद्यकाचा तो हेतूही नाही. निरर्थक ठरलेले कृत्रिम उपचार थांबवून मृत्यूला त्याच्या नैसर्गिक गतीने येऊ देणे ही वेगळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्या प्रकरणी २०११ मध्ये या प्रश्नाचा विचार केला. ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मरण येऊ देण्याचा हक्क जीवनाच्या हक्काचाच भाग मानून 'आगाऊ वैद्यकीय निर्देश', म्हणजे लिव्हिंग विल, वैध ठरवले गेले. त्यावेळची प्रक्रिया इतकी क्लिष्ट होती की, ती क्वचितच वापरता आली असती. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती सुलभ केली. आता शुद्धीवर असलेला कोणीही सज्ञान नागरिक दोन साक्षीदारांसमोर स्वाक्षरी करून आणि नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून हा दस्तऐवज तयार करू शकतो. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या विश्वासू व्यक्तींची नावेही त्यात देता येतात. प्रसंग आल्यावर रुग्णालयातील प्राथमिक आणि दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे खातरजमा करून निर्णय देतात.

या बाबतीत गोव्याने पुढाकार घेतला आहे. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तत्कालीन न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी आपले आगाऊ वैद्यकीय निर्देश नोंदवले. गोव्यात असे करणारे ते पहिलेच. न्यायासनावरील व्यक्तीने उचललेल्या या पावलामुळे हा विषय सामान्य घरांतील संभाषणात येण्यास मदत झाली. दस्तऐवजापेक्षाही ते संभाषण महत्त्वाचे असते. आपल्याला अखेरचे दिवस घरी घालवायचे आहेत की अतिदक्षता विभागात, हे धडधाकट असतानाच मुलांना सांगितलेल्या माणसाच्या कुटुंबावर पुढे निर्णयाचा आणि अपराधभावाचा भार कमी पडतो.

मागणीचा रेटा

नीमचच्या कारखान्यातून निघालेली मॉर्फिनची पूड इंदूरच्या रुग्णाच्या उशाशी गोळी होऊन पोहोचण्यासाठी मधे औषध-उत्पादक, औषध नियंत्रक, मान्यताप्राप्त रुग्णालय, प्रशिक्षित डॉक्टर, परिचारिका आणि समजदार कुटुंब असे अनेक दुवे लागतात. त्यांतील पहिले दुवे कायद्याने जोडून दिले आहेत. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वेदना व उपशामक सेवेचा अंतर्भाव झाल्याने डॉक्टरांचा दुवाही हळूहळू मजबूत होईल. शेवटचा दुवा घराघरांत आहे. ज्या कुटुंबाला माहीत आहे की तीव्र वेदना हे गंभीर आजाराचे अटळ प्राक्तन नाही, ते 'येथे वेदनेवर काय देता?' असे विचारते. हा प्रश्न विचारणारी माणसे वाढली की रुग्णालये मान्यतेसाठी अर्ज करतात, औषध नियंत्रकाकडे मागणी जाते, जिल्ह्यात साठा येतो. केरळात तो प्रश्न गावाने विचारला. तो विचारण्याइतकी माहिती माळव्यात, महाराष्ट्रात आणि गोव्यात प्रत्येक आजाऱ्याच्या घरी पोहोचवणे, हे डॉक्टरांइतकेच शिक्षक, पंचायत, ग्रंथालये आणि वृत्तपत्रे यांचेही काम आहे.